सह्याद्री म्हणजे वर आलेला समुद्रतळ आहे का? (खंड आणि सागरतळ: घडण आणि मोडतोड)

रानवाट

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळणारे दोन प्रश्न मांडतो.

शाळेत शिकलो की समुद्राचा तळ बेसाल्टचा आणि खंड ग्रॅनाइटचे. पण आपला सह्याद्री तर बेसाल्टचाच. कोकणकडा घ्या, रायगड घ्या, हाताला लागतो तो काळा दगडच. मग महाराष्ट्र म्हणजे कधीकाळी वर उचलला गेलेला समुद्रतळ आहे का? परशुरामाने समुद्र हटवून कोकण मिळवलं ही कथा लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे शंका आणखी बळावते.

दुसरा प्रश्न जगाच्या भूकंपनकाशाबद्दल. अटलांटिक महासागरात भूकंपांचे ठिपके मधोमध एका बारीक रेघेत लागतात. आशियात मात्र ते हिमालय, तिबेट, तिएनशान करत पार बैकल सरोवरापर्यंत विखुरलेले दिसतात. भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कवचाचे सरकते मोठे तुकडे, कडक आणि अखंड असतात असं म्हणतात. मग भारत धडकला तर हादरे धडकेच्या रेघेवर बसायला हवेत, सैबेरियाच्या दारात कशाला?

जाणकारांनी सवडीने आणि सविस्तर लिहावं ही विनंती.

खडीसाखर

वाचतेय. पहिला प्रश्न मलाही कायम पडतो.

गारगोटी

रानवाट, दोन्ही प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते, तेव्हा प्रतिसाद लांबणार हे गृहीत धरा.

आधी सरळ उत्तर: नाही, सह्याद्री समुद्रतळ नाही. भूकवचाखालच्या जाड थरातला, म्हणजे प्रावरणातला, खडक थोडासा वितळला की बेसाल्टचा रस तयार होतो. तो पाण्याखाली बाहेर पडला तरी बेसाल्ट आणि जमिनीवर पडला तरी बेसाल्टच. आपल्याकडे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर ओतला गेला, थरावर थर. याचा पुरावा कुठल्याही घाटात बघायला मिळतो. दोन काळ्या थरांच्या मध्ये अधूनमधून विटकरी लाल पट्टा दिसतो, कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. नखाने खरवडला तर त्याचा भुगा हाताला लागतो. याच पट्ट्याची वरची कड नीट बघा, ती जास्त लाल आणि टणक असते. म्हणजे आधीचा लाव्हा निवला, ऊन-पावसाने त्याच्या माथ्यावर माती झाली आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती माती वरून भाजून काढली. समुद्राच्या तळाशी ऊन-पाऊस कुठला?

मुंबईत वरळीच्या टेकडीत दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांचं वर्णन झालं, आज त्यांना इंडोबॅट्राकस म्हणतात. बेडूक म्हणजे गोडं पाणी. आणि चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं मिळतात ती लाव्ह्याच्या आधीच्या गाळात. लाव्हा यायच्या आधी इथे जनावरं फिरत होती.

बेसाल्टच्या खाली काय आहे तेही छिद्र पाडून पाहिलेलं आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचे ३३८ मीटर बेसाल्ट, मग जेमतेम काही मीटर गाळ, आणि खाली थेट पट्टिताश्म, म्हणजे ग्रॅनाइटच्या गोतातला फार जुना खडक. कोयनेला तर ३ किलोमीटर खाली गेले. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपला आणि ग्रॅनाइट-पट्टिताश्म लागला. तेव्हा आपण उभे आहोत ते खंडावरच, बेसाल्ट हा त्यावर चढलेला उशिराचा थर आहे.

याहून पक्का पुरावा हवा असेल तर वयं बघा. भारत आणि सेशेल्स सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून सुटले आणि मधे कार्ल्सबर्ग कटकापाशी, म्हणजे समुद्राखालच्या लांब डोंगररांगेपाशी, नवा तळ तयार होऊ लागला. म्हणजे मुंबईहून सेशेल्सकडे जाताना वाटेत लागणाऱ्या खोल समुद्राचा बहुतेक तळ सह्याद्रीपेक्षा वयाने लहान आहे. सेशेल्सच्या माहे बेटावर आजही ७५ कोटी वर्षांचा ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. महासागराच्या मधोमध राहिलेला तो खंडाचा तुकडा आहे.

आता घडणीतला फरक.

समुद्रतळाची कृती एकच आणि ती जगभर सारखी. महासागरांच्या मधून जवळजवळ ६५,००० किलोमीटर लांबीची कटकांची साखळी जाते. तिथे दोन भूपट्ट दूर सरकतात, खालचं प्रावरण वर येतं, वर येताना त्याच्यावरचा दाब उतरतो आणि दाब उतरल्यामुळेच ते थोडंसं वितळतं. वेगळी उष्णता द्यावी लागत नाही. त्या रसाचं ६-७ किलोमीटर जाडीचं कवच बनतं आणि ते कटकापासून दूर जाऊ लागतं. जाता जाता थंड होतं, जड होतं, खाली बसतं. कटकाच्या माथ्यावर पाणी अडीच किलोमीटर खोल असतं, तर जुन्या तळावर साडेपाच-सहा किलोमीटर. शेवटी हा तळ एखाद्या गर्तेत, म्हणजे समुद्रातल्या खोल चरात, शिरून परत प्रावरणात जातो. म्हणून आजच्या मोठ्या महासागरांत १८-२० कोटी वर्षांपेक्षा जुना तळ जवळपास मिळतच नाही. कॅनडातला अकास्टा इथला पट्टिताश्म ४०० कोटी वर्षांचा आहे, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉनचे कण मिळाले ते ४४० कोटी वर्षांचे. ज्या समुद्राला आपण अनादी म्हणतो त्याचा तळ खंडांच्या मानाने कालपरवाचा आहे, हे वर्गात सांगताना मला अजूनही नवल वाटतं.

खंडाची घडण फार किचकट असते, आणि तिला पाणी लागतं. समुद्रतळ गर्तेत शिरतो तेव्हा खनिजांमध्ये अडकलेलं पाणी सोबत घेऊन जातो. साधारण १०० किलोमीटर खोलीच्या आसपास ते सुटतं, वरच्या प्रावरणात मुरतं आणि त्याचा वितळणांक खाली आणतं. जो रस तयार होतो तो वर येताना मधे थांबतो, निवतो, त्यातली जड खनिजं खाली बसतात, आजूबाजूचा खडक वितळून त्यात मिसळतो. होता होता त्यातलं सिलिकाचं प्रमाण वाढतं आणि हलका खडक बनतो. अंदमानच्या बॅरन बेटावर १९९१ पासून अधूनमधून उद्रेक होतात, त्याच्यामागे हीच यंत्रणा आहे. जपान, इंडोनेशिया, अँडीज इथेही तीच. मग अशा बेटांच्या माळा सरकत सरकत खंडाला येऊन चिकटतात, दबतात, पुन्हा वितळतात. खंड एका बैठकीत होत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर रात्री लिहिते.

खडीसाखर

गारगोटीताई, खूप छान समजावलंत. एक विचारू? आमच्या देवघरात आजेसासूबाईंच्या वेळचा शाळिग्राम आहे. त्यावर गोल चक्र उमटलंय, कडेला बारीक रेघा. तो समुद्रातला जीव असतो असं वाचलं होतं. मग हिमालय तरी समुद्रतळ म्हणायचा ना?

दर्यावर्दी

गारगोटी उत्तर देतीलच, त्याआधी माझे दोन शब्द. मी मुंबई हायला, समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, नोकरी केली आहे. किनाऱ्यापासून १६० किलोमीटर आत, चहूकडे फक्त पाणी. पण प्लॅटफॉर्मखाली पाणी जेमतेम ७५ मीटर. नवीन पोरांना वाटतं आपण महासागरात आलो. भूशास्त्राच्या हिशेबात तिथेही आपण भारतीय खंडावरच असतो, समुद्रबूड जमिनीवर. १९७४ साली तेल लागलं ते त्याच खंडावर साचलेल्या चुनखडीत. हिमयुगाच्या भरात, २०,००० वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. म्हणजे त्या काळी मुंबई हायपर्यंत पायी जाता आलं असतं. पाणी कुठे संपतं आणि खंड कुठे संपतो, या दोन वेगळ्या रेघा आहेत.

गारगोटी

दर्यावर्दी, तुमचं शेवटचं वाक्य वर्गात वापरणार आहे.

खडीसाखर, शाळिग्रामातलं चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या, कालवांच्या आणि माकुळाच्या दूरच्या नात्यातल्या प्राण्याचं कवच. कडेच्या बारीक रेघा म्हणजे त्या कवचावरच्या कंगोऱ्यांचे ठसे. गंडकीच्या खोऱ्यात मुक्तिनाथच्या बाजूला काळ्या शेलमधल्या (चिखलाचा घट्ट झालेला पापुद्र्यांचा खडक) गोट्यांत ते मिळतात. ज्या समुद्रात ते राहायचे तो टेथिस. पण ते ज्या गाळात रुतले तो गाळ साचला होता भारताच्या उत्तरेकडच्या समुद्रबूड जमिनीवर. म्हणजे मुंबई हायसारख्याच जागी. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडीचंही तेच. समुद्र होता, पण खाली खंडच होता.

टेथिसचा खरा तळ आशियाखाली गेला. मागे राहिल्या त्या चिंचोळ्या पट्ट्या. लडाखमध्ये निदरजवळ अशी पट्टी आहे: प्रावरणाचा हिरवट खडक आणि समुद्रतळाचा बेसाल्ट, दोन खंडांच्या सांध्यात चिमटलेला. आणि लेहच्या मागचे ते भुरे डोंगर, ज्यावरून खारदुंगला जायचा रस्ता चढतो, ते ग्रॅनाइट त्याच टेथिसचा तळ खाली जात असताना वितळून तयार झालेले. खाली गेलेल्या समुद्रतळाच्या पाण्यावर नवा खंड कसा उभा राहतो हे बघायचं असेल तर त्या रस्त्यावर गाडी थांबवून कडेचा दगड बघा. काळे ठिपके असलेला, खरबरीत, चमचमणारा. आपल्या बेसाल्टशेजारी ठेवला तर पोरंसुद्धा फरक सांगतील.

तिसरा_प्रहर

दुसऱ्या प्रश्नाला मी हात घालतो, माझा विषय भूकंपशास्त्र.

भूपट्ट कडक असतात ही कल्पना मुळात समुद्रावरून आली. मेरी थार्पने १९५० च्या दशकात खोलीच्या मोजण्यांवरून अटलांटिकचा तळ कागदावर उतरवला आणि कटकाच्या माथ्यावरची दरी दाखवली. त्या काळी बाईमाणसाला संशोधन जहाजावर चढू देत नसत, तरी तिने नकाशा काढला. पुढे १९६३ मध्ये वाइन आणि मॅथ्यूज यांनी तळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, आणि १९६७-६८ मध्ये मॅकेन्झी, पार्कर, मॉर्गन, ले पिशों यांनी भूपट्टांचं गणित मांडलं. कडेला हालचाल, मधे काही नाही. समुद्रात ते गणित लख्ख जुळलं.

खंडांवर मात्र त्याने दगा दिला. पीटर मॉल्नार आणि पॉल तापोनिए यांनी १९७५ मध्ये आशियाची उपग्रहचित्रं आणि भूकंप एकत्र पाहिले आणि दाखवलं की भारताच्या धडकेचा परिणाम हजारो किलोमीटर आतपर्यंत पसरलेला आहे. पुढे जीपीएसने त्याला आकडे दिले. भारत आशियाकडे वर्षाला साडेतीन-चार सेंटीमीटर सरकतो. त्यातलं जवळपास निम्मं हिमालयात खपतं. उरलेलं तिबेट आणि त्यापलीकडे. तिएनशान पर्वत भारताच्या सीमेपासून कुठच्या कुठे, पण तोही आज याच दाबाने चेपला जातोय.

असं का? पहिली गोष्ट, खनिजं. खंडाच्या कवचात क्वार्ट्झ भरपूर. ते ३००-३५० अंशाला मऊ पडून वाहू लागतं, म्हणजे साधारण खंडात १२-१५ किलोमीटर खोलीवरच. समुद्रतळाखाली बहुतांश ऑलिव्हिन, ते ६००-७०० अंशांपर्यंत ताठ राहतं. म्हणून समुद्रतळाचा पट्ट पातळ कवचाचा असूनही मजबूत, आणि खंड जाड असूनही कमकुवत.

दुसरी गोष्ट, खंड हलका असल्यामुळे प्रावरणात बुडून सुटका करून घेऊ शकत नाही. दोन खंड भिडले की आडवं आखडणं आणि उभं वाढणं एवढंच उरतं. तिबेटखाली कवच ७० किलोमीटरच्या घरात गेलंय, साधारण खंडाच्या जवळजवळ दुप्पट. आणि एवढी उंची झाल्यावर, सैल भिजवलेल्या कणकेचा गोळा परातीत कडेने पसरतो तसं ते पठार स्वतःच्या वजनाने पूर्व-पश्चिम ताणलं जातंय. तिथे उत्तर-दक्षिण दऱ्या उघडतायत. दाबाच्या पोटात ताण, हे समुद्रतळावर सहसा दिसत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: जुन्या जखमा. समुद्रतळ २० कोटी वर्षांच्या आत निघून जातो, त्याच्यावर इतिहास साचायला वेळच मिळत नाही. खंडावर प्रत्येक चीर तशीच राहते आणि पुढचा दाब आला की आधी तीच हलते. कच्छचं उदाहरण घ्या. तिथले भ्रंश, म्हणजे खडक सरकतो त्या चिरा, ज्युरासिक काळात खंड ताणला जाताना पडले. आज तेच भ्रंश उलट्या दिशेने, दाबाखाली सरकतायत. २६ जानेवारी २००१ चा भूकंप त्यातला.

उमरगेकर

तिसरा_प्रहर, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

आमचं गाव किल्लारीपासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे चारच्या आत सगळं झालं. आमच्याकडे घरं दगड-मातीची, भिंती हात-दीड हात रुंद, वर माळवदाचं माती घातलेलं छत. भिंत बाहेर गेली की ते सगळं वजन खाली. मी शाळेत होतो तेव्हा. आमचं माळवद तडकलं पण राहिलं, शेजारच्या गावांचं राहिलं नाही. हजारो माणसं गेली.

भूगोलाच्या पुस्तकात तेव्हा आम्ही पाठ केलं होतं की दख्खनचं पठार स्थिर आहे. इतकी वर्षं हाच प्रश्न मनात आहे. समुद्र दूर, हिमालय दूर. मग आमच्याच पायाखाली का?

तिसरा_प्रहर

उमरगेकर, तुम्ही हे इथे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

स्थिर याचा अर्थ हालचाल फार सावकाश असा घ्यायचा, हालचाल नाही असा नाही. भारत उत्तरेला हिमालयाशी अडलेला आहे आणि दक्षिणेकडून ढकलला जातोय, त्यामुळे अख्ख्या द्वीपकल्पात उत्तर-ईशान्य दिशेने दाब साठलेला आहे. तुमच्याकडे बेसाल्टखालच्या पट्टिताश्मात जुने भ्रंश आहेत. दाब सोसता सोसता त्यातला एखादा सरकतो. मधे शेकडो, कदाचित हजारो वर्षं जातात, म्हणून माणसाच्या आठवणीत काहीच नसतं आणि घरं तशी बांधली जातात. किल्लारीचा भूकंप ६.२ चा, पण खोली जेमतेम काही किलोमीटर. म्हणून जमिनीला चीर पडलेलीही दिसली. तुमच्या पायाखालीच का, याला यापेक्षा नेमकं उत्तर नाही: दाब सगळीकडे आहे, चिरा ठरावीक ठिकाणी आहेत, आणि वरून बेसाल्टचं पांघरूण असल्यामुळे त्या बाहेरून दिसत नाहीत. कोयनेला १९६७ मध्ये धरणाच्या पाण्याचं निमित्त झालं, पण मूळ साठलेला दाब हाच.

भरतीओहोटी

चर्चा उत्तम. दोन ठिकाणी मात्र मला अडतंय.

एक, समुद्रतळ मोडत नाही म्हणता, पण ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ चा भूकंप झाला तो गर्तेवर नव्हता, भूपट्टाच्या आत होता. दोन, खंडाचा खालचा भाग मऊ असतो म्हणता, तर मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप ३५ किलोमीटर खोलीवर कसा झाला? मऊ खडक तुटत नाही.

तिसरा_प्रहर

दोन्ही मुद्दे अचूक आहेत.

२०१२ चा भूकंप भारत-ऑस्ट्रेलिया भूपट्टाच्या आतला, एकमेकांना काटकोनात असलेल्या अनेक भ्रंशांवर झालेला. खरं तर श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रतळाला घड्या पडलेल्या आहेत, एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत १०० ते ३०० किलोमीटर. भारत हिमालयात अडला आणि ऑस्ट्रेलिया पुढे जातोय, त्यामुळे एकेकाळचा एक भूपट्ट आता फुटून दोन-तीन होतोय. हिमालयाच्या उभारणीची किंमत तो समुद्रतळही मोजतोय. पण मजबूत पट्ट मोडतो तो कसा बघा: क्वचित, आणि मोडला की एवढा मोठा.

जबलपूरबद्दल. सगळे खंड सारखे नसतात. खालचा भाग मऊ पडतो तो गरम आणि ओलसर असेल तर, तिबेटसारखा. आपल्या द्वीपकल्पाचं जुनं कवच थंड आणि कोरडं आहे, तळापर्यंत ताठ राहू शकतं आणि म्हणून तळाशीही तुटू शकतं. खंडाची ताकद नेमकी कुठल्या थरात असते यावर मॅकेन्झी आणि जॅक्सन यांनी याच प्रकारच्या पुराव्यांवरून जुन्या समजुतीला आव्हान दिलं. वाद अजून चालू आहे. मी स्वतः जागेगणिक उत्तर वेगळं, या मताचा.

रानवाट

सगळ्यांचे मनःपूर्वक आभार. आता एकच हवंय: बेसाल्टच्या खालचा हा खंड छिद्र न पाडता, महाराष्ट्रातच, कुठे बघायला मिळेल? आणि कोकणाबद्दल कुणी बोललंच नाही.

गारगोटी

कोकण: मुंबई-पनवेलच्या बाजूला बेसाल्टचे थर आडवे नाहीत, समुद्राकडे कललेले आहेत. घाटमाथ्यावर तेच थर जवळजवळ सपाट. भारत फाटला तेव्हा खंडाची कड वाकली त्याची ही खूण. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजवाडी-तुरळपर्यंत गरम पाण्याची कुंडं एका ओळीत येतात, तिथे पाणी चिरांमधून खोल जाऊन तापून वर येतं. म्हणजे कोकण समुद्रातून वर आलेलं नसून खंडाची वाकलेली, चिरा गेलेली कड आहे.

जुना खडक बघायला सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला किंवा थेट गोव्यात जा. अनमोड घाटातला पट्टिताश्म ३०० कोटी वर्षांहून जुना आहे. पांढरे-काळे पट्टे, त्यांना पडलेल्या घड्या, आणि त्या घड्यांवर परत घड्या.

वैनगंगा

आणि आमच्याकडे या! सीताबर्डीचा किल्ला बेसाल्टच्या टेकडीवर आहे, पण नागपूर हे महाराष्ट्रातल्या दख्खनच्या लाव्ह्याचं पूर्वेचं टोक. शहर सोडून रामटेककडे निघालात की काळा दगड संपतो आणि जुना खंड सुरू. मनसर, कांद्री, पुढे भंडाऱ्यात डोंगरी बुजुर्ग, या मँगनीजच्या खाणी सगळ्यांना माहीत आहेत. ते मँगनीज एका जुन्या समुद्रात गाळ म्हणून साचलेलं. मग दोन खंड भिडले, आणि सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी त्या गाळाचा पार चोळामोळा होऊन चुनखडीचा संगमरवर झाला आणि मँगनीजच्या थरांना घड्या पडल्या. तिथे एके काळी डोंगररांग होती, आज झिजून बुंधे उरलेत. खाणीत धातुकाचा थर सरळ जात नाही, वळतो, परत उलटा येतो, त्यामुळे खाणकामगारांना घडी कुठे वळते हे पाठच असतं. खाणीत आत जायला परवानगी लागते, पण मनसरच्या आसपास रस्त्याकडेला पडलेल्या दगडातही काळ्या-गुलाबी पट्ट्यांच्या घड्या दिसतील. काळं ते मँगनीज, गुलाबी-नारिंगी त्यातलाच गार्नेट. दिवाळीनंतर या, उन्हाळ्यात नको.

रानवाट

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा पक्का. वैनगंगा, व्यनि केला आहे. भिंग आणि खडीसाखरताईंचा शाळिग्रामाचा फोटो सोबत आणतो.